मेंढरांच्या आडून

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

थंडी कालच्यापेक्षा जास्त. दूध उशिरा आले. गुडघा बरा आहे. सकाळीच आदिनाथचा लासूरहून फोन. "आजी, आजोबांनी तुम्हाला आजच बोलावलंय. येताना दिवाळीचे उरलेले फटाके आणा म्हणले, मोठ्या आवाजाचे. आणि साहेबांची दुर्बीण." कारण विचारले तर म्हणाला, "ते तेच सांगतील." तनुजाला आज सुट्टी आहे. तिच्या गाडीने निघतो आहोत. माळ्यावरून फटाक्यांचा डबा काढला. मागचे दार लावले, गॅस बंद केला.

एवढे लिहून मी वही मिटली आणि गाडीत जाऊन बसले. डबा मांडीवर घेतला होता. दौलताबादचा किल्ला मागे पडेपर्यंत माझी नात तनुजा त्या डब्याकडे तिरके पाहत होती. मग म्हणाली, "आजी, संक्रांतीला फटाके कोण वाजवतं?"

"मल्हाररावांचं काही सांगता येत नाही," मी म्हटले.

मल्हारराव म्हणजे आदिनाथचे आजोबा. लासूर स्टेशनजवळ आमचे शेत आहे, त्याला लागून मोठा माळ आहे, त्या माळाच्या कडेला त्यांचे घर. जातीने धनगर, वयाने माझ्या बरोबरीचे. आमच्या यजमानांचे ते तरुणपणीचे शिकारीतले सोबती. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, तरी मल्हाररावांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वैनीसाहेब, दादासाहेबांची दुर्बीण पुसता ना?" मी पुसते.

सदुसष्ट साली लग्न होऊन मी लासूरला आले. माझे शिक्षण शहरातल्या नन्सच्या शाळेत झालेले. हरीण पाहिले होते ते चित्राच्या पुस्तकात. त्या काळी परवाना काढून शिकार करता येई, आणि आमच्या घरात तो शौक दोन पिढ्यांचा होता. बायकांनी शिकारीला जायची रीत नव्हती. यांनी सासूबाईंना सांगितले, "हिला शेत दाखवून आणतो," आणि मला छकड्यात बसवून माळावर नेले. गाडी हाकायला मल्हारराव होते. तेव्हा ते नुसते मल्हारी होते. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि तोंड सतत चालू.

"वैनीसाहेब, काळवीट दिसलं तर त्याच्याकडं बघायचं नाय," त्यांनी मला पहिलाच धडा दिला.

"मग पाहायला कशाला आणलंत?"

"बाजूला बघायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातनं त्याला बघायचं. नजरेला नजर दिली की त्याला कळतं, ह्याचं माझ्याकडं काम हाय."

हे गालातल्या गालात हसत होते. मी त्या दिवशी घरी येऊन ते वाक्य जसेच्या तसे डायरीत लिहिले. पुढे त्यांची अशी पुष्कळ वाक्ये लिहिली. 'हरणाकडं जायचं नाय, हरणाच्या बाजूनं जायचं.' 'चालतंय तोवर मेंढरू, थांबलं की माणूस.' त्यांना स्वतःचे बोलणे फार आवडे, आणि मी ते लिहून घेते हे कळल्यावर तर ते मुद्दाम सावकाश बोलू लागले.

त्या वेळी माळावर काळविटांचे कळप होते. पण रविवारी शहरातून जीपगाड्या येत, रेल्वेनेही लोक येत, आणि दर हिवाळ्यात कळप लहान होत गेले. मुख्य म्हणजे मोठे नर दिसेनासे झाले. कोवळे, तपकिरी अंगाचे नर मरत. काळे झालेले, पुऱ्या शिंगांचे नर सगळे शिकून बसलेले. जीपचा आवाज आला की ते कळप सोडून एकटेच नाहीसे होत. अडुसष्टच्या हिवाळ्यात असाच एक जुना नर होता. सगळे शिकारी त्याला दूरच्या टेकड्यांत शोधत. यांनीही शोधला. जोडे झिजले.

मल्हारराव मात्र एक दिवस कुठे गेलेच नाहीत. सकाळपासून बाभळीखाली दुर्बीण घेऊन बसून राहिले. "पाय बांधायचे आन् डोळे सोडायचे," असे त्यांचे म्हणणे. संध्याकाळी येऊन म्हणाले, "दादासाहेब, तो टेसनापाशी हाय."

"स्टेशनापाशी? वेडा आहेस का?"

"रुळाच्या कडंला तरवडाची झुडपं हायेत ना, त्यांच्यात बसतो दिसभर. सगळ्या जीपा त्याच्यासमोरून जात्यात. लोकं लांब बघत्यात म्हून तो जवळ बसतो."

तसेच होते. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना, हमालांना, बाजारच्या गर्दीला त्याची सवय झालेली. जिथे माणसे त्याला शोधत नव्हती अशी तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती त्याने हेरली होती.

जीपला तो ओळखत होता, पायी माणसाला ओळखत होता, पण बैलगाडीला भीत नव्हता. गाड्या रोजच कापूस घेऊन बाजाराकडे जात. म्हणून यांनी छकड्यातून पहिला बार टाकला. चुकला. नर उधळला, पण दोन-चार दिवसांत परत त्या तरवडात आला आणि गाडीकडे पूर्वीसारखेच दुर्लक्ष करू लागला. दुसऱ्या वेळी मी छकड्यात होते. त्या वेळी बार चुकला नाही. मल्हाररावांनी तो नर खांद्यावर टाकून गावातून मिरवला आणि महिनाभर चावडीवर तीच गोष्ट सांगितली. पण त्यानंतर त्या माळावरचे एकही काळवीट बैलगाडीला जवळ येऊ देईना. साधा शेतकरी चारा घेऊन निघाला तरी कळप थेट गंगापूरच्या वाटेला लागे.

"एकदा झालं तर ते इसरत्यात," मल्हारराव म्हणाले होते. "दोनदा झालं की गाडी म्हंजे बंदूक." हेही माझ्या डायरीत आहे.

पुढे बहात्तरला कायदा आला, शिकार बंद झाली. यांनी बंदूक ठेवून दिली आणि काही दिवस चिडून होते. मल्हारराव चिडले नाहीत. "सरकारनं बंद केली ते बरं झालं," म्हणाले. "नायतर आपून दोघं म्हातारपणी ससे हुडकत हिंडलो असतो." ते मेंढरांकडे वळले, बानाबाईंशी लग्न झाले, आमच्या शेतावरही लक्ष ठेवू लागले. दुर्बीण मात्र वर्षातून एकदा मागून घेऊन माळावर बसत. हे गेले तेव्हा मल्हारराव दहाव्याला आले आणि अंगणात बसून त्यांनी जुन्या शिकारींच्या अशा काही थापा सांगितल्या, की रडून डोळे सुजलेल्या माझ्या सुनेलाही हसू आवरेना. त्या दुपारी घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसले.

आम्ही पोचलो तेव्हा बानाबाई दारातच होत्या. त्यांनी मला हात देऊन उतरवले आणि आत पाहत मोठ्याने म्हणाल्या, "आल्या तुमच्या वैनीसाहेब. सांगा आता तोंडानं, काय दिवे लावले ते."

मल्हारराव घोंगडीवर बसले होते. मी त्यांना खूप दिवसांनी पाहत होते. माणूस अर्धा झाला होता. त्यांनी तोंड चालू केले नाही, तेव्हाच मला कळले की काहीतरी बिघडले आहे.

"पाटलाचं हो," ते म्हणाले.

हा पाटील कोण, ते मला फोनवर अनेकदा ऐकून माहीत होते. कायद्यानंतर माळावर हळूहळू काळविटे परत वाढली. त्यांतला हा एक म्हातारा नर, उजव्या शिंगाचा शेंडा मोडलेला. तरुण नरांनी त्याला कळपातून हाकलले होते. मान वर करून, कोणात न मिसळता एकटा चालतो, म्हणून मल्हाररावांनी त्याला पाटील नाव ठेवले. मोकाट कुत्री आणि चोरून शिकार करणारे, दोघांपासून वाचायला त्याने मल्हाररावांची मेंढरे धरली होती. मेंढरांच्या कडेकडेने तो चरत असे, पाच-सहा वर्षे. मेंढरांबरोबर कुत्रा असतो, माणूस असतो, आणि त्या माणसाने त्याला कधी काही केले नव्हते.

"माझ्यासंगं दोन शब्द बोलायला ह्यांना टाईम नाय," बानाबाई म्हणाल्या. "पाटलापाशी दिसभर बसत्यात."

"तू वरडती. तो वरडत नाय."

"मग त्याच्याच हातची भाकर खा."

मग मल्हाररावांनी मला सगळे सांगितले. पंधरवड्यापूर्वी जीपमधून दोघे आले. गळ्यात मोठे कॅमेरे. म्हणाले, आम्ही फोटो काढतो. मल्हाररावांनी त्यांना घोंगडीवर बसवले, बानाबाईंनी चहा दिला. ते म्हणाले, काका, आम्ही गेलो की हरणे पळतात. तुमच्या इतक्या जवळ कशी येतात?

मल्हाररावांच्या घराचा एक नेम आहे. घोंगडी अंथरून ज्याला बसवले, त्याच्याशी खोटे बोलायचे नाही आणि त्याने विचारले ते लपवायचे नाही. घोंगडी त्यांना देव्हाऱ्याइतकी. मल्हाररावांनी सगळे सांगितले. मेंढरे पुढे ठेवायची. सरळ जायचे नाही, तिरके जायचे. थांबायचे नाही. त्याच्याकडे पाहायचे नाही. पाटील सकाळी कुठे असतो, दुपारी कुठल्या बाभळीखाली बसतो, तेही सांगितले.

"घोंगडीवर बसलेल्याला नाय कसं म्हणू?" ते मला म्हणाले.

"घोंगडीचं नाव कशाला घेता?" बानाबाई म्हणाल्या. "कुणी कौतुक केलं की तुमची जीभ सैल. बाकड्यावर बसवलं असतं तरी बोलला असता."

मल्हारराव घोंगडीची दशी ओढत राहिले. बानाबाईंचे खरे असावे.

आठवड्याभराने माळावर चार मेंढ्या दिसल्या. बाजारातून नुकत्याच आणलेल्या, गळ्यात नवी सुतळी, चौघींची तोंडे चार दिशांना. त्यांच्यामागे काळा चष्मा लावलेला एक माणूस, हातात छत्री.

"थंडीत छत्री," आदिनाथ म्हणाला. तो वाळूजला कंपनीत आहे, रात्रपाळी करून आला होता.

"छत्री नव्हती ती," मल्हारराव म्हणाले. "छत्रीच्या पिशवीत दुसरंच होतं. आन् पाटील उभा होता तसाच. मेंढरं बघून निवांत. मी लांब होतो. वरडलो, कुत्रं सोडलं, तवा तो माणूस जीपकडं पळाला. मेंढ्या टाकून गेला. दोघी कुठं गेल्या कुणास ठावं, दोघी माझ्याकडंच हायेत. मालक आला तर देईन."

आदिनाथने वनखात्याला कळवले होते. वनरक्षक राजकुमार येऊन गेला, भला मुलगा आहे, फेऱ्या मारतो. पण त्याच्याकडे गावे किती, माळ किती. जीपचा नंबर धुळीत गेलेला. आणि ते लोक परत येणार हे नक्की होते, कारण त्यांची युक्ती साधली होती. फक्त ओरडायला कोणीतरी होता म्हणून बार उडाला नव्हता.

"म्हून आता पाटलाला मेंढरांचं भ्या बसवायचं," मल्हारराव म्हणाले.

मला क्षणभर उमगले नाही. मग उमगले. "म्हणजे तुमचंही."

"माझंबी."

काल त्यांनी एकदा करून पाहिले होते. मेंढरे घेऊन जवळ गेले आणि पितळी थाळी बडवली. पाटील उडाला, थोडा लांब गेला, आणि दुपारी परत मेंढरांत येऊन चरायला लागला.

"थाळीला तो काय भिणार? लग्नाच्या वरातीत लई ऐकली त्यानं. बाराचा आवाज पायजे. गावात जानेवारीत फटाके मिळंनात, म्हून तुम्हाला तरास दिला." ते थांबले. मग खाली पाहून म्हणाले, "आन् तुम्ही त्याला कधी बघितला नाय. आज बघून घ्या. परत जवळून नाय दिसायचा."

आम्ही तुरीच्या कडेला बसलो, मी खुर्चीवर आणि तनुजा माझ्या पायाशी. आदिनाथ पुढे बांधाआड बसला, हातात पेटलेली उदबत्ती. मल्हाररावांनी स्वतःची मेंढरे वाड्यातच ठेवली होती. त्यांत गाभण मेंढ्या होत्या, आणि गाभण मेंढीजवळ कोणता धनगर सुतळी बॉम्ब लावील? त्यांनी बरोबर घेतल्या त्या शिकाऱ्याने टाकलेल्या दोन मेंढ्या आणि तीन जुने मेंढे. ठरले असे, की पाटील जवळ आला की मल्हारराव डोक्याचा पटका काढतील. पटका निघाला की आदिनाथने वात पेटवायची.

मी दुर्बीण लावली. ऊन वर आले होते, गवत पिवळे, आणि त्यात ते म्हातारे गृहस्थ मेंढरांमागे तिरके तिरके चालले होते, छकड्यावर बसून मला शिकवत असत अगदी तसेच. मग बाभळीच्या सावलीतून तो बाहेर आला. काळा, पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी कडी, एका शिंगाला शेंडा नाही. मी नकळत नजर बाजूला वळवली. तनुजा कुजबुजली, "आजी, तिकडे काय पाहतेस? तो इकडे आहे."

पाटील चालत मेंढरांपर्यंत आला. मल्हाररावांच्या काठीच्या टप्प्यात. मान खाली घालून चरू लागला.

पटका निघेना.

मल्हारराव थांबले होते. चालायचे असते, थांबायचे नसते, हा त्यांचाच नियम. ते थांबले आणि सरळ त्याच्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना काळविटाकडे असे पाहताना पाहिले नव्हते. पाटलाने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिले, आणि पुन्हा खाली घातली. त्याला तेवढा भरवसा होता. बांधाआडून आदिनाथ वळून माझ्याकडे पाहू लागला. मी हाताने त्याला थांबायला सांगितले.

मग मल्हाररावांनी पटका काढला.

आवाज माळावरून फिरून आला. पाटील जागच्या जागी उंच उडाला आणि सुटला. मेंढे एकमेकांवर आदळले. आणि मल्हारराव त्याच्यामागे पळत सुटले. त्या वयात, घोंगडी फडकवत, काठी उगारत, तोंडाने अशा शिव्या देत की तनुजाने माझ्याकडे पाहून तोंडावर हात ठेवला. आदिनाथने दुसरा बॉम्ब लावला, तिसरा लावला. पाटील उड्यांमागून उड्या घेत टेकडीवर चढला आणि पलीकडे उतरला. मल्हारराव बऱ्याच पुढे जाऊन खाली बसले. आदिनाथ धावत गेला, त्यांना हात धरून घेऊन आला. दम लागला होता. पटका तिथेच कुठेतरी पडला.

"कुणाला शिव्या देत होतात?" बानाबाईंनी विचारले. "त्याला का सोताला?"

"ज्याला लागल त्याला," ते म्हणाले आणि पाणी प्याले.

जेवणात ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची हिरवी भाजी आणि लसणाची चटणी होती. मल्हारराव अर्धीच भाकरी खाऊन उठले आणि दुर्बीण घेऊन दारात बसले. थाळी वाजवूनही तो काल दुपारी परत आला होता. आज आला तर सगळे फुकट.

ऊन कलल्यावर आदिनाथने सगळी मेंढरे रोजच्यासारखी माळावर सोडली. बऱ्याच वेळाने मल्हाररावांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. टेकडीच्या माथ्यावर पाटील उभा होता. खाली मेंढरे पसरलेली, त्यांची ओळखीची घंटा वाजत होती. तो मान ताठ करून पाहत राहिला. एक पाऊल खाली टाकले. मग वळला आणि पलीकडे नाहीसा झाला.

"शिकला," मल्हारराव म्हणाले.

"उद्या पुन्हा करायचं?" मी विचारले. "दोनदा झालं की पक्कं, तुम्हीच म्हणायचात."

"काल थाळी, आज बार. झालं दोनदा." त्यांनी दुर्बिणीच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि ती मला परत दिली. "आता ऱ्हाऊ द्या ही तुमच्याकडंच. मला काय करायची?"

"पाटील शिकला," बानाबाई आतून म्हणाल्या. "आता तुम्ही शिका. पाव्हणा आला की त्याला बाकड्यावर बसवा."

ते हसले. दिवसभरात पहिल्यांदा. मग मला म्हणाले, "वैनीसाहेब, ते टेसनावरचं काळवीट आठवतं? लोकं लांब बघायचे आन् तो जवळ बसायचा. ह्याचं उलटं झालं. हा जवळ बसला, आन् मीच लांबून माणसं आणली."

निघताना मी दुर्बीण त्यांच्या घोंगडीवर ठेवून आले. घोंगडीवर ठेवलेली वस्तू ते परत करत नाहीत, हे मला माहीत होते. पाटील आता टेकडीपलीकडेच राहील, आणि लांबचे पाहायला ती लागेल.

परतताना तनुजाने विचारले, मला वाईट वाटले का. मी म्हटले, मल्हाररावांना वाटले असेल. दौलताबादपर्यंत अंधार पडला. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि सकाळच्या नोंदीखाली चार ओळी लिहिल्या. शेवटची अशी :

फटाक्यांचा डबा रिकामा झाला, धुऊन पालथा घातला आहे. संक्रांतीचे तीळ निवडायचे राहिले.